फ्लॅटलँड बीएमएक्स: आधी फिरतं चाक, मग ट्रिक

प्रश्न असा आहे: वय २६. गिअरच्या २६ इंची सायकलवर व्हीली (नुसत्या मागच्या चाकावर चालवणं) आणि स्टॉपी (ब्रेक मारून मागचं चाक उचलणं) चांगली जमते. फ्लॅटलँड बीएमएक्सचे, म्हणजे सपाट जमिनीवर २० इंची छोट्या सायकलवर करायच्या करामतींचे, व्हिडिओ बघून झपाटून गेलोय. सायकल कोणती घेऊ, सुरुवात कशाने करू, वय उलटून गेलंय का, आणि एवढी मेहनत करून यात मिळतं काय?

वयाचा मुद्दा आधी उरकतो. सव्वीस हे वय फ्लॅटलँडला अजिबात जास्त नाही. इथे रॅम्प नाही, दहा फुटांवरून आपटणं नाही. वेग बहुतेक वेळा भरभर चालणाऱ्या माणसाइतका असतो. चाळिशीतले लोक आजही मोठ्या स्पर्धांत उतरतात. लागतो तो वेळ, आणि तो रोज थोडा थोडा द्यावा लागतो. रविवारी चार तास घाम गाळण्यापेक्षा रोजची पाऊण तासाची बैठक केव्हाही बरी.

आता तुमच्या व्हीलीकडे येतो. तिचा उपयोग होईल, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही, आणि एका बाबतीत ती आडवीही येईल. व्हीली मारताना तुमच्या हाताशी दोन उपाय असतात. पेडल दाबलं की पुढचं चाक वर जातं, मागचा ब्रेक धरला की खाली येतं. या दोघांच्या मधे तुम्ही हवं तेवढं अंतर कापू शकता. फ्लॅटलँडमध्ये पहिला उपाय जवळजवळ लगेच काढून घेतला जातो. कारण तुमचे पाय पेडलवर नसतातच, ते असतात पेगवर, म्हणजे चाकाच्या अ‍ॅक्सलला दोन्ही बाजूंनी लावलेल्या त्या जाड नळ्यांवर. सुरुवातीला दोन-चार पेडल मारून जो वेग घेतला तेवढीच पुंजी. ती संपली की खाली. म्हणून हा सगळा खेळ या एका प्रश्नाभोवती फिरतो: पेडल न मारता चाक फिरतं कसं ठेवायचं?

याची उत्तरं तीन. टायरवर बुटाचा तळ घासून चाक ढकलायचं, याला स्कफ म्हणतात. हँडल आणि शरीर लयीत ओढून-सोडून वेग काढायचा, हे पंपिंग. आणि तिसरं, गोलात फिरत असताना सायकल अंगाजवळ घ्यायची, की गिरकीचा वेग आपोआप वाढतो. नर्तकाने गिरकीत हात छातीशी घेतले की तो जोरात फिरतो, त्यामागचं पदार्थविज्ञान हेच. हे तीन आले की ट्रिक येतात. हे न शिकता नुसत्या ट्रिक पाठ केल्या तर फोटो चांगले येतात, पुढे काही जात नाही.

हे माझं खूळ नाही, या खेळाच्या इतिहासातच ते आहे. बीएमएक्स १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्मलं. मोटोक्रॉसच्या मोटरसायकली बघून लहान पोरं मातीच्या ट्रॅकवर सायकली हाणायला लागली. शर्यतींच्या मधल्या वेळेत करामती करणाऱ्यांतला बॉब हॅरो हा फ्रीस्टाइलचा, म्हणजे शर्यतीऐवजी करामतींच्या बीएमएक्सचा, जनक मानला जातो. तो मुळात चित्र काढणारा. शर्यतीच्या सायकलींच्या नंबरप्लेट बनवून विकता विकता त्याने पुढे स्वतःची सायकल कंपनीच काढली. पण १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातलं फ्लॅटलँड आज बघितलं तर गंमत वाटते. ब्रेक आवळायचे, सायकल एका चाकावर उभी करायची आणि टुणटुण उड्या मारत तोल सांभाळायचा. एक पोझ, मग खाली, मग दुसरी पोझ.

हे बदललं ते पेन्सिल्व्हेनियातल्या यॉर्क नावाच्या शहरात. तिथल्या केविन जोन्सने आणि त्याच्या ‘प्लायवुड हूड्स’ या टोळीने. ही मूळची ब्रेकडान्स करणाऱ्या पोरांची टोळी, प्लायवुडच्या फळ्यांवर नाचायची म्हणून ते नाव. जोन्सने काय केलं, तर चाक थांबूच दिलं नाही. हिचहायकरसारख्या त्याच्या ट्रिकमध्ये सायकल उभी-आडवी होते, माणूस तिच्याभोवती चढतो-उतरतो, आणि या सगळ्यात एक चाक जमिनीवर चालतच राहतं. मग एका ट्रिकमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं पाय न टेकता जाता येऊ लागलं. मार्क ईटनने चित्रित केलेल्या या टोळीच्या व्हिडिओ कॅसेटी १९८८ पासून देशोदेशी फिरल्या, आणि त्याच वेळी बीएमएक्सचा बाजार कोसळत असताना हा प्रकार मात्र तगून राहिला. पुढे फिनलंडचा मार्ती कुओप्पा, स्पेनचा विकी गोमेझ, फ्रान्सचा माथियास दांद्वा, जपानचा योहेई उचिनो या सगळ्यांनी आपापला रस्ता काढला, पण पाया तोच: चाक फिरत राहिलं पाहिजे. तुम्ही जे व्हिडिओ बघून झपाटलात, त्यात तुम्हाला ट्रिक आवडल्या असं तुम्हाला वाटतंय. परत बघा. तुम्हाला बहुधा दोन ट्रिकच्या मधली जागा आवडली आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून सराव फिरत्या चाकावर करा. एन्डो, म्हणजे तुमची स्टॉपीच, आणि फूटजॅम, म्हणजे पुढचा टायर आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांच्या मधे पाऊल अडकवून मागचं चाक उचलणं, या दोन्ही स्थिर गोष्टी शिका, पण त्यांत मुक्काम ठोकू नका. पुढच्या चाकावर वजन गेल्यावर कसं वाटतं एवढं कळलं की त्यांचं काम झालं.

त्याहीआधी एक अगदी नीरस वाटणारा सराव. एका पेडलवर उभं राहून छोट्या गोलात फिरा. दोन्ही बाजूंनी. उजव्या गोलात आणि डाव्या गोलात तुम्ही किती वेगळे चालवता हे बघून तुम्हीच चकित व्हाल. गोल लहान करत जा, वेग कमी करत जा. मग एक पाय मागच्या पेगवर, दुसरा पेडलवर. मग पुढच्या पेगवर पाय ठेवून परत पेडलवर आणायचा, सायकल सरळ चालू असताना, खाली न बघता. पाऊल पेग शोधायला शिकलं पाहिजे. हा भाग लोक टाळतात, आणि मग पुढे प्रत्येक ट्रिकमध्ये नजर खाली जाते, नजरेमागे खांदे जातात, खांद्यांमागे तोल जातो.

स्कफ शिकताना बुटाचा पुढचा भाग वापरायचा, टाच नाही. सुरुवातीला सायकलच्या बाजूला जमिनीवर उभे राहा, हँडल धरा, एक पाऊल पुढच्या टायरवर ठेवा आणि चाक ढकला. पाय उचला, परत ठेवा, परत ढकला. दाब किती द्यायचा हे इथेच कळतं: कमी पडला तर बूट नुसता सरकतो, जास्त झाला तर चाक थांबतं. हे दोन्ही उपयोगाचे आहेत, कारण स्कफ हाच तुमचा अ‍ॅक्सिलरेटर आणि तोच ब्रेक. मग एक पाय पेगवर घेऊन तेच करा. सपाट, पातळ तळाचे स्वस्त बूट घ्या; धावण्याचे जाड, खाचाखाचांचे बूट टायरवर अडकतात आणि पेग पायाला जाणवू देत नाहीत. बूट लवकर झिजतात, आणि ते बहुधा एकाच पायाचे झिजतात, हा या नादातला एक विनोदी खर्च.

आता पहिली खरी ट्रिक. माझ्या मते ती हँग-फाइव्ह असावी. मागच्या चाकावरची पेग व्हीली तुम्हाला जवळची वाटेल, तीही करा, पण तिथे तुमच्या जुन्या सवयी लगेच हात घालतील. हँग-फाइव्हमध्ये सगळं नवीन असतं म्हणून शिकणं स्वच्छ होतं. सायकल सरळ, बेताच्या वेगात. डावा पाय पुढच्या डाव्या पेगवर. उजवा पाय पेडलवरून सुटून पुढे, चाकाच्या बाजूने मोकळा लटकता. हात जवळजवळ सरळ, पण कोपर आवळलेलं नाही. मग पुढचा ब्रेक एका बोटाने किंचित टिपायचा आणि त्याच क्षणी वजन पुढे सोडायचं. मागचं चाक उचलतं. आता तुम्ही पुढच्या एका चाकावर, एका पायावर चालला आहात, आणि मोकळा पाय हा तुमचा काटा आहे: मागे पडतोय असं वाटलं की तो पुढे झुलवायचा, पुढे कलतोय असं वाटलं की मागे.

सुरुवातीला चूक जवळजवळ प्रत्येकाची एकच असते. मागचं चाक पुरेसं उचलत नाही, कारण भीती वाटते. मग ते चार-सहा इंचांवर लटपटतं आणि आपटतं, आणि माणूस म्हणतो की तोल जमत नाही. तोल तिथे नाहीच, तो बराच वर आहे. म्हणून आधी मुद्दाम जास्त उचला, इतकं की पुढे जाल, आणि लटकता पाय जमिनीवर टेकवून सायकलच्या पुढे चालत बाहेर पडा. हे बाहेर पडणं वेगळं शिका. पडायचं कुठे हे पायांना माहीत झालं की हात सैल होतात, आणि हात सैल झाले की ट्रिक दोन-तीन बैठकांत वेगळीच दिसायला लागते. दुसरी खूण नजरेची. पुढच्या चाकाकडे बघितलंत तर सायकल वळेल. दहा-बारा फूट पुढे बघा. हँग-फाइव्ह सरळ रेषेत जमू लागली की ती हलकेच गोलात घ्या. गोल आला की पुढचं दार उघडतं, कारण फ्लॅटलँडचा बराचसा संसार गोलातच चालतो. स्टीमरोलर, बॅकपॅकर ही नावं तुम्हाला व्हिडिओत भेटतीलच, त्यांची घाई नको.

मागच्या चाकाच्या बाजूने पेग व्हीली. दोन्ही पाय मागच्या पेगांवर, किंवा एक पेगवर आणि दुसरा टायरवर. इथे तुमचा हात आपोआप मागच्या ब्रेककडे जाईल आणि तुम्ही तो डिस्क ब्रेकच्या सवयीने दाबाल. आडवी येणारी सवय म्हणालो ती ही. वीस इंची चाक लहान, चटकन प्रतिसाद देतं. मोठ्या चाकावर जिथे अर्धा सेकंद विचाराला मिळतो तिथे इथे मिळत नाही. ब्रेक लावून शिका, पण आठवड्यातली एक बैठक ब्रेकला बोट न लावता काढा. ब्रेक काढून टाकलेली सायकल चालवणारे पट्टीचे लोक बरेच आहेत. त्यांचं बघून पहिल्या महिन्यात ब्रेक काढणं हा मात्र निव्वळ देखावा.

सायकलीचं बोलू. फ्लॅटलँडची सायकल साध्या बीएमएक्ससारखी दिसते, पण बारकाव्यांत वेगळी असते. फ्रेमची वरची दांडी आखूड, साधारण १८.५ ते १९.५ इंच, रस्त्यावर-रॅम्पवर चालवायच्या फ्रेमची २०.५ ते २१ असते. आखूड कशासाठी, तर तुम्हाला तिच्यावरून सतत पाय ओलांडायचे असतात. फोर्कचा पुढे आलेला बाक फारच कमी, काही फोर्कमध्ये शून्य, म्हणजे हँडल उलटं फिरवून मागे चालतानाही सायकल तशीच वागते. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, आखूड, १६० ते १६५ मिलिमीटर, पायात येऊ नयेत म्हणून. टायर गुळगुळीत आणि कडक, १०० पीएसआयच्या आसपास हवा. मागे फ्रीकोस्टर हब, त्यामुळे सायकल मागे चालली तरी पेडल उलटे फिरत नाहीत. आणि ब्रेकच्या केबल गुंतू नयेत म्हणून हँडलखाली जायरो, की हँडल कितीही वेळा गरगर फिरवा.

हे सगळं पहिल्या दिवशी हवंच असं नाही. आपल्याकडे खास फ्लॅटलँडची तयार सायकल दुकानात टांगलेली सहसा दिसत नाही. भाग बाहेरून मागवावे लागतात आणि आयात शुल्कासकट बिल बघून घरचे जेवायला वाढत नाहीत. सहा महिने टिकलात तर ते करा. तोवर चांगल्या क्रोमोली (मजबूत मिश्र पोलाद) फ्रेमची, वापरलेली का असेना, स्ट्रीट बीएमएक्स पुरते. एका गोष्टीत मात्र तडजोड नको: मागचा अ‍ॅक्सल १४ मिलिमीटरचा हवा. शेजारच्या दुकानात लहान मुलांची २० इंची सायकल ‘बीएमएक्स’ म्हणून मिळते, तिचा अ‍ॅक्सल बारीक असतो. त्यावर पेग लावून साठ-सत्तर किलोंचा माणूस उभा राहिला की तो वाकतो, आणि वाकताना सांगून वाकत नाही. पुढचा अ‍ॅक्सल १० मिलिमीटरचा चालतो. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं काढून टाका. मोकळ्या पायाला अडकेल असं काहीही सायकलवर नको.

पेग लावताना एक फजिती ठरलेली. नट पेगच्या नळीच्या तळाशी असतो, साधा पाना तिथे पोचतच नाही. गोटी पाना आणि लांब एक्स्टेन्शन लागतं. मागे बहुतेक १७ चा, पुढे १५ चा. हे दोन पिशवीत ठेवा. सरावात पेग सैल होतोच, आणि सैल पेग पायाखाली फिरला की पडण्याची तयारी करायलाही सवड मिळत नाही.

जागा. हा प्रश्न पुण्या-मुंबईत सायकलीपेक्षा अवघड आहे. डांबर चालतं, पण खडबडीत डांबर वेग खातं आणि पडलात तर कातडी खातं. इंटरलॉकिंग ब्लॉक दिसायला सपाट, पण फटींतून पुढचं चाक सतत थरथरतं; हँग-फाइव्हला ते मारक. चकचकीत फरशी कोरडी असताना छान आणि धूळ असली तर घातक. सगळ्यात उत्तम म्हणजे मशीनने घोटलेलं काँक्रीट: बास्केटबॉल कोर्ट, नव्या इमारतींचं पार्किंग. दोन गाड्यांच्या जागेएवढा तुकडा सुरुवातीला पुरतो. पावसाळ्यात छपराखालचं पार्किंग हाच आधार, पण गाड्यांच्या टायरांनी आणलेलं पाणी आधी पुसून घ्या. सोबत झाडू न्या. विनोद करत नाहीये. एक बारीक खडा पुढच्या चाकाखाली आला की सायकल जागच्या जागी थांबते, तुम्ही थांबत नाही. आणि वॉचमन काकांशी आधी बोला. पेग जमिनीवर आपटले की ओरखडे पडतात आणि आवाज होतो. दुपारी दोन ते चार सोडून येतो म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. कुणाच्या गाडीजवळ करू नका, इतकं सांगायला नको.

दुखापतींचं खरं सांगतो. मोठे अपघात कमी, बारीक मार भरपूर. नडगीवर पेडल आणि पेग बसतात, घोटा मुरगळतो, तळहात सोलतात, मनगटं ठणकतात. नडगीला गार्ड लावा, नवीन काही करताना हेल्मेट घाला. फ्लॅटलँडवाले हेल्मेट घालत नाहीत असं तुम्ही व्हिडिओत बघाल. ते वर्षानुवर्षं पडून पडायला शिकलेले असतात. तुमची पाठ अजून पहिल्यांदाच जमिनीला भेटणार आहे.

आणि आता, मिळतं काय. पैसे नाहीत, हे आधीच सांगतो. मोठ्या स्पर्धांतही या प्रकाराचं येणं-जाणं चालू असतं. एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत फ्लॅटलँड १९९७ ते २००३ पर्यंत होतं, मग काढलं. २०१९ मध्ये चेंगदूला आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या अर्बन सायकलिंग जागतिक स्पर्धेत ते आलं, २०२२ मध्ये जपानमधल्या चिबाच्या एक्स गेम्समध्ये परतलं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स फ्रीस्टाइल आलं, पण ते रॅम्पवरचं, फ्लॅटलँड नाही. रस्त्यावर बघणाऱ्यालाही यातलं अवघड काय ते कळत नाही. तुमच्या लांबलचक व्हीलीला टाळ्या पडतील, आणि ज्या अदलाबदलीसाठी तुम्ही महिना घालवला तिच्याकडे बघून कोणी विचारेल, ‘सायकल बिघडली का?’

मला यात धरून ठेवणारी गोष्ट अशी की कुणाचंही फ्लॅटलँड दुसऱ्यासारखं नसतं. ट्रिकची नावं सारखी, पण एका ट्रिकमधून दुसरीत तुम्ही कसे जाता, हात आधी बदलता की पाय, उजवीकडून की डावीकडून, याच्या वाटा मोजता येणार नाहीत इतक्या आहेत, आणि त्यातली एखादी खरोखर फक्त तुमची असू शकते. स्पर्धेत परीक्षकही अवघडपणाइतकंच नवेपणाला आणि पाय न टेकवण्याला मोल देतात. शिवाय रॅम्प, ट्रॅक, जोडीदार, तिकीट, काही लागत नाही. ऑफिसमधून आल्यावर खाली उतरायचं आणि सुरू. पहिल्या वर्षी प्रगती दिसत नाही असे आठवडे येतील. तेव्हा मोबाइल भिंतीला टेकवून महिन्यातून एकदा तोच सराव चित्रित करा. रोज करू नका, रोज केलं की सराव सोडून व्हिडिओच बघत बसतो आपण.

तुमची गिअरची सायकल विकू नका. पहिले दोन-तीन महिने फ्लॅटलँडवर काहीच धड जमत नाही तेव्हा तिच्यावर एक लांब व्हीली मारून यायला बरं वाटतं.